तारीख निघून गेल्यावर

मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईला जायचं की नाही, यावरून रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात आत्या आणि दादाची चांगलीच जुंपली. पोहे झाले, जिलबी झाली, चहा दोनदा झाला. मुद्दा जागचा हलेना.

प्रकरण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचं. पोरगी आठवीत आहे, गणितात पक्की आहे. नववीपासून सरकारी उत्कृष्ट विद्यालयात जायचं तिने दोन वर्षांपासून मनात धरलेलं. तिथे निवड परीक्षा असते आणि तिचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. मुदत संपायला अकरा दिवस असताना ती आईबरोबर कियोस्कवर गेली. कियोस्कवाल्याने सांगितलं, राज्य सरकारच्या समग्र आयडीत आडनाव एक आहे आणि आधारमध्ये दुसरंच, आधी दुरुस्ती करून आणा. त्याच दिवशी तिने दुरुस्तीचा अर्ज दिला. दुरुस्ती झाली ती फॉर्मची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. कागद घेऊन मायलेकी शाळेत गेल्या, तर खिडकीतून उत्तर मिळालं, पोर्टल बंद झालं, आता काही होणार नाही. परीक्षेला अजून तीन आठवडे होते.

मावशींनी हे सगळं भांडी घासता घासता सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, झालं ते झालं अशा सुरात. मला तो सूर सहन झाला नाही, म्हणून मी दादाला बोलावून घेतलं. तो हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो. आत्या मात्र न बोलावताच वादात उतरली, आणि ते बरंच झालं.

"तारीख म्हणजे तारीख," तिने पहिल्यालाच सांगून टाकलं. "मी तेहतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली. प्रवेशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. तुम्ही सगळे बाहेरून बोलता. शेवटच्या दिवशी पाचला खिडकी लावली की पाच वाजून दहा मिनिटांनी कोण यायचं, सांगू? ज्याच्या मामाची वर ओळख आहे, तो. गरीब माणूस पाच-दहाला येत नाही रे. तो सकाळी सातपासून रांगेत उभा असतो. मुदत त्याच्यासाठी असते. ती ढिली केलीस की पहिला मरतो तो रांगेतला."

दादा लगेच काही बोलला नाही. मग त्याने स्वतःच्या विरुद्ध जाणारा निवाडा स्वतःच काढला. त्याची ही सवय मला आवडते.

"आत्या, तू म्हणतेस ते सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय. जगदलपूरच्या मेडिकल कॉलेजचं प्रकरण आहे. 2006 साली प्रवेशाची शेवटची तारीख 30 सप्टेंबर होती. अगदी त्या शेवटच्या दिवशी दोन जागा घाईघाईने भरल्या गेल्या, गुणवत्तेत वर असलेल्या मुलांना डावलून. त्यातली एक मुलगी कोणाची, तर छत्तीसगडच्या वैद्यकीय शिक्षण संचालकांचीच. 2012 मध्ये निकाल देताना कोर्टाने प्रवेशाच्या तारखा काटेकोर पाळायला सगळ्यांना बजावलं."

"मग? मी वेगळं काय म्हणते? आणि जगदलपूरला कशाला जातोस? व्यापमंचा परीक्षा घोटाळा कुठे फुटला? आपल्या इंदुरात. 2013 च्या जुलैत मेडिकल प्रवेशाच्या पीएमटी परीक्षेच्या आदल्या रात्री पोलिसांनी इथल्या हॉटेलांतून दुसऱ्यांच्या नावाने परीक्षेला बसायला आलेली पोरं धरली. पुढे 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 634 जणांचे प्रवेश रद्द केले. त्यांच्या जागेवर ज्यांचा हक्क होता, ती मुलं कुठे गेली? कोणी शोधली? त्यानंतर सगळं मशीनवर गेलं, माणसाचा हात मध्ये नको म्हणून. आता तू म्हणतोस, हात परत घाला."

आत्याच्या या बोलण्यात एक दुखरी जागा आहे, ती मला ठाऊक आहे. नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत तिच्यावर एका प्रवेशासाठी दबाव आला होता. ती वाकली नाही आणि तिची बदली झाली. मुदतीचा कागद हीच तेव्हा तिच्या हातातली एकमेव ढाल होती. त्यामुळे ती कडक बोलते तेव्हा त्याला कोरडेपणा म्हणणं बरोबर होणार नाही.

"हात घाला असं मी म्हणतच नाही," दादा म्हणाला. "मी म्हणतो, कान ठेवा. मशीनला कान नाहीत. मुदत चुकलेल्यांत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक, ज्यांनी हयगय केली. दुसरी, ज्यांनी वेळेत सगळं केलं आणि ज्यांना दुसऱ्या कोणाच्या उशिराने अडवलं. स्क्रीनवर दोघांना एकच ओळ दिसते, मुदत संपली म्हणून. हा फरक बघणारं कोणीतरी नको का?"

"बघायला गेलं की प्रत्येकाचं कारण खरंच असतं. कोणाची आजी वारते, कोणाची लाइट जाते. मी तेहतीस वर्षं ऐकलीत कारणं."

"म्हणून कारणाबरोबर कागद मागायचा. या पोरीकडे दुरुस्तीच्या अर्जाची पावती आहे, तिच्यावर तारीख आहे, अकरा दिवस आधीची. कायदा काही उशीर माफ करत नाही असं नाही. 1963 च्या मुदत कायद्यात कलम 5 आहे, पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट विलंब माफ करू शकतं. आणि त्यावरचा सगळ्यात गाजलेला निवाडा कोणाच्या उशिराचा आहे, ठाऊक आहे? सरकारच्या. जम्मू-काश्मीर सरकारला भूसंपादनाचं अपील दाखल करायला चार दिवस उशीर झाला होता. हायकोर्टाने अपील फेकून दिलं. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उशीर माफ केला. उशीर करून कोणाचा फायदा होत नसतो, असंही सांगितलं. आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना अतिरेक करू नका. मग तासाचा, सेकंदाचा हिशेब का नाही मागत, असं विचारलं. सरकारचे चार दिवस माफ होतात. मावशींच्या पोरीचा एक दिवस होत नाही."

आत्या गप्प झाली. पटलं म्हणून नव्हे. ती मोजत होती.

या शांततेत मी माझा प्रश्न विचारून घेतला. शिक्षणाचा हक्क म्हणून जो कायदा आहे, त्यात मुदतीचं काही नाही का? माझी समजूत अशी होती की शाळा मुलाला नाही म्हणूच शकत नाही.

दादाचं उत्तर ऐकून मी थबकले. 2009 च्या त्या कायद्यात कलम 15 आहे. मुलाला वर्षाच्या सुरुवातीला किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत प्रवेश द्यायचा, आणि ती वाढीव मुदत संपल्यावर कोणी आलं तरी त्याला प्रवेश नाकारायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वयाचा दाखला नाही म्हणून अडवायचं नाही, हे कलम 14 मध्ये. तक्रार असेल तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय करायचा. तो पटला नाही तर राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. म्हणजे तारखेच्या पलीकडेही दार उघडं ठेवणारा आणि अपिलाची वाट आखून देणारा कायदा या देशात आहे.

"पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी," दादा म्हणाला. "पहिली ते आठवी. ही पोरगी नववीत जातेय."

मी हे असंच्या असं लिहिते आहे, कारण त्या सकाळी मला सगळ्यात जास्त हेच लागलं. सातवीतल्या मुलीने ऑगस्टमध्ये शाळेचं दार वाजवलं तर शाळेला ते उघडावं लागतं. तीच मुलगी दोन वर्षांनी एक दिवस उशिरा आली तर तिच्यासाठी कायद्यात एक ओळ नाही. आठवीनंतर मुली का गळतात, यावर आपण चर्चासत्रं भरवतो. लग्न, घरकाम, शाळेचं अंतर ही कारणं खरीच आहेत. पण हक्क जिथे संपतो तिथूनच फॉर्म, पोर्टल, पावत्या आणि मुदती सुरू होतात, हे आपण त्या यादीत कधी लिहीत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे. कायद्याची रेघ अजून चौदावरच आहे.

"एक लक्षात घे," आत्याने मला थांबवलं. तिचा आवाज उतरला होता, मुद्दा मात्र धारदार होता. "कलम 15 कुठल्याही शाळेबद्दल आहे. हिला कुठल्याही शाळेत नववी मिळेलच, जवळच्या सरकारी शाळेत उद्या नाव घालतील. हिला हवी आहे ती मोजक्या जागांची शाळा, निवड परीक्षेची. तिथे हिला घेतलं की यादीतलं शेवटचं पोर बाहेर जाणार. ते पोर इथे पोहे खायला बसलेलं नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. तेही कोणाच्या तरी मोलकरणीचं असू शकतं."

हा तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. दादालाही ते कळलं. तो म्हणाला, हिने जागा मागितलेलीच नाही, परीक्षेला बसू द्या एवढंच म्हणतेय. यादीत ती आली तर स्वतःच्या गुणांवर येईल. मग त्याने धनबादच्या आयआयटीचं उदाहरण दिलं. मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. ती पक्की करायला 17,500 रुपये भरायचे होते, 24 जून 2024 ला संध्याकाळी पाचपर्यंत. पैसे जमले ते पावणेपाचच्या सुमारास, आणि पोर्टल बंद होईपर्यंत भरणा झाला नाही. जागा गेली. मुलगा झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, मद्रास हायकोर्टात गेला, शेवटी सुप्रीम कोर्टात. 30 सप्टेंबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने राज्यघटनेच्या कलम 142 खाली आदेश दिला की त्याला त्याच तुकडीत घ्या.

"आणि ज्याला मधल्या काळात ती जागा मिळाली असेल, तो?" आत्याने विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही. गरज पडली तर याच्यासाठी जादा जागा तयार करायची. आदेशातच आहे."

आत्याने मान हलवली. जादा जागेची कल्पना तिला पटली, पण लगेच तिने दुसरं बोट दाखवलं. "एका मुलासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय. आणि बाकीच्यांचं काय? ज्यांना धनबादहून दिल्ली दिसतच नाही?"

माझ्या मते इथे त्या दोघांचं भांडण संपलं होतं, त्यांना मात्र ते कळलं नव्हतं. आत्याला भीती होती ती मागच्या दाराची. दादाचा राग होता तो बंद दारावर. पण मागचं दार जन्माला येतं ते पुढे कोणी ऐकून घेत नाही म्हणूनच. ज्याची ओळख असते त्याचं अपील फोनवर होतं. त्याला कागद लागत नाही, पोच लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही. लेखी अपिलाची सोय नसते तेव्हा नुकसान फक्त मावशींच्या मुलीसारख्यांचं होतं. अपील उघड असावं, कारण कागदावर द्यावं, निर्णयही कागदावर यावा. तेव्हाच आत्याची ढाल आणि दादाचा कान एका जागी राहू शकतात.

दादाने इंग्लंडमधली पद्धत सांगितली. आमची एक मावसबहीण तिकडे आहे, तिच्या मुलाच्या वेळी हे सगळं आम्ही फोनवर ऐकलं होतं. माध्यमिक शाळेचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा, कोणती शाळा मिळाली ते 1 मार्चला कळतं. उशिरा अर्ज करणाऱ्याचा विचार वेळेत आलेल्यांच्या नंतर होतो, ते आत्याच्या तत्त्वाप्रमाणेच. पण ज्याला नकार मिळतो त्याला, मग अर्ज उशिराचा का असेना, अपिलाचा हक्क असतो. शाळेशी संबंध नसलेल्या किमान तीन जणांचं मंडळ बसतं, पालकांचं म्हणणं ऐकतं. एका मुलाला जास्त घेतल्याने शाळेला होणारा त्रास मोठा की न घेतल्याने मुलाचं होणारं नुकसान मोठं, हे तोलतं, आणि त्याचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. बहुतेक अपिलं हरतात. पण हरलेल्या माणसाच्या हातात का हरलो याचा कागद असतो.

"आपल्याकडे नकाराचाही कागद नाही," मी म्हटलं. मावशींना खिडकीतून जे सांगितलं गेलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यावर आत्या जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. "याच मध्य प्रदेशात 2010 मध्ये लोकसेवा हमी कायदा झाला, देशात पहिल्यांदा. त्यात ठरवलेली सेवा साहेबाने ठरलेल्या दिवसांत दिली नाही तर त्याला दिवसाला 250 रुपये दंड, 5,000 पर्यंत. आणि अर्जदाराला पहिलं अपील, दुसरं अपील. सरकारने स्वतःला मुदत घालून घेतली, आणि ती चुकली तर काय करायचं तेही लिहून ठेवलं. दुरुस्तीला बारा दिवस लागले तर त्याचा जाब त्यांनी द्यायचा. त्या बारा दिवसांचं बिल पोरीच्या नावाने फाडायचं नाही. हे चूक आहे. हे मीही म्हणेन."

मग कामाला सुरुवात झाली. दादाने वाट सांगितली. अर्ज प्राचार्यांना आणि जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना, दोघांना. मंगळवारी मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीत जनसुनवाईला त्याचीच प्रत. 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अर्जावर लिहायचा. विनंती मान्य नसेल तर कारणासह लेखी द्या, असं अर्जातच मागायचं, कारण पुढे हायकोर्टात कलम 226 खाली जायचं झालं तर आव्हान कशाला देणार? तोंडी नकाराला आव्हान देणं अवघड. वकिलाचा खर्च मावशींनी मनातून काढून टाकावा. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरतो. आणि हे सगळं याच आठवड्यात. परीक्षा होऊन गेली की मागायला काहीच उरणार नाही.

अर्ज त्याने हिंदीत लिहून काढला. आत्याने चष्मा लावून तो वाचला आणि अर्ध्याहून जास्त खोडला.

"गरीब कुटुंब, दया करावी, उज्ज्वल भविष्य... हे सगळं काढ. खिडकीच्या आत बसणारा रोज अशी पन्नास वाक्यं वाचतो. त्याला तारखा दे. कुठल्या तारखेला कियोस्कवर गेली, दुरुस्तीचा अर्ज कधी दिला, पावती क्रमांक काय, दुरुस्ती कधी झाली, शाळेत कधी आली. एका ओळीत एक. खाली प्रत जोडली म्हणून लिही. त्याला वर दाखवायला जे लागतं ते त्याच्या हातात दे, म्हणजे मदत करायची असेल तर तो करू शकेल. नुसती दया वाटून त्याला सही करता येत नाही."

तेवढ्यात मावशी मुलीला घेऊन आल्या. मुलीने पावती एका जुन्या वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात घडी न घालता ठेवली होती. आत्याने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, शिक्का नीट उमटलाय का पाहिला.

"तुझ्या वर्गातल्या अजून कोणाचं असं झालं का गं?" तिने विचारलं.

दोघींचं झालं होतं. एकीचं नावामुळेच, दुसरीच्या जन्मतारखेमुळे. त्यांनी दुरुस्तीचे अर्ज दिले होते, पण पावत्या जपल्यात की नाही, हिला माहीत नव्हतं.

आत्याने पेन उचललं. अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर, स्वतःच्या तिरक्या अक्षरात तिने एक परिच्छेद वाढवला. ज्या विद्यार्थ्यांनी मुदतीपूर्वी दुरुस्तीचे अर्ज दिले होते आणि ज्यांची दुरुस्ती मुदतीनंतर झाली, त्या सर्वांना फॉर्म भरण्यासाठी दोन दिवस द्यावेत. एकट्या अर्जदारास नको. दादाने वाचलं. तो म्हणाला, अशाने मागणी मोठी होते, एकटीचं काम कदाचित पटकन झालं असतं.

"एकटीचं झालं असतं तर ती शिफारस झाली असती," आत्या म्हणाली. "हिच्या मैत्रिणींकडे जा आज संध्याकाळी, पावत्या शोधायला सांग. नाही सापडल्या तर जिथे अर्ज दिला तिथे नोंद असेल." मग ती मुलीकडे वळली. "आणि मंगळवारी दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही. मी येते बरोबर."

मुलीने पावती परत प्लास्टिकच्या कव्हरात घातली आणि विचारलं, किती वाजता निघायचं.

"जनसुनवाई अकराला सुरू होवो नाहीतर बाराला," आत्या म्हणाली. "आपण नऊला."